सांधे दुखतायत म्हणला की आधी नखं बघा

सोरायसिस या खपल्या निघणाऱ्या कातडीच्या आजारासोबत जो संधिवात येतो त्याच्याबद्दल हे लिहितोय, ते तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरांसाठी. म्हणजे जिथं सकाळी ११ ला बाकावर ४० जण बसलेले असतात, एक्स-रे समोरच्या गल्लीत आहे आणि संधिवाताचा स्पेशालिस्ट गाठायचा तर एसटीनं अर्धा दिवस जातो, मग ते संभाजीनगर असो, सोलापूर असो नाहीतर नांदेडकडच्यांचं हैदराबाद. पेशंट किंवा घरचे वाचत असतील तर खुशाल वाचा, पण वाचून स्वतःच गोळी चालू करू नका, यातली एक गोळी चुकीची घेतली तर माणूस जातो, ते पुढं सांगतोच.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. एक शेतकरी, वय ३८, टाच दुखते म्हणून आला. एक्स-रेत टाचेला काटा दिसला, मी म्हणलो हाड वाढलंय, मऊ चप्पल घाला, गोळ्या दिल्या, दोनदा टाचेत इंजेक्शन दिलं. आठ महिने हेच. मग एकदा एप्रिलच्या उन्हात आला, घाम पुसायला टोपी काढली आणि बघतो तर डोक्यावर पांढऱ्या खपल्यांचे जाड थर, कपाळाच्या वर केसांच्या कडेनं लालभडक पट्टा. मग बोटांची नखं बघितली, मग बूट काढायला लावला, पायाचं चौथं बोट मुळापासून टोकापर्यंत सुजलेलं. हे कधीपासून म्हणलं तर म्हणतो, "कोंडा तर लग्नाच्या आधीपासून हाय की सायब, तुमी कधी इचारलंच न्हाई." खरंच विचारलं नव्हतं. सोरायटिक आर्थ्रायटिस, म्हणजे हाच सोरायसिसचा संधिवात, समोर बसला होता आणि मी काट्याला इंजेक्शन देत होतो.

तर पहिली सवय ही लावून घ्या. सांधे दुखणाऱ्याची कातडी आणि नखं बघायची, आणि कातडीवाल्याला सांधे विचारायचे. सोरायसिस असलेल्यांपैकी साधारण २० ते ३० टक्के लोकांना कधी ना कधी सांध्यांचा त्रास होतो. त्यातल्या बहुतेकांची कातडी आधी बिघडते आणि सांधे मागून, कित्येकदा दहा-दहा वर्षांनी, म्हणून पेशंटच्या डोक्यात दोन्हीचा संबंधच जुळत नाही. काहींचं उलटं असतं, सांधे आधी आणि कातडी नंतर, तिथं घरात कुणाला आहे का हे विचारल्याशिवाय पत्ता लागत नाही.

विचारायचं कसं हेही महत्त्वाचं. "सोरायसिस आहे का" म्हणलं तर आपल्याकडं नाहीच म्हणतात, कारण घरी त्याचं नाव नायटा, गजकर्ण, उष्णता, कोंडा असं काहीतरी असतं. "कातडीवर खपल्या निघणारा डाग, थंडीत वाढतो, उन्हाळ्यात कमी होतो, असं कधी होतं का, आईला, वडलांना, मामाला होतं का" असं विचारा. आणि बघायचं म्हणजे कपडे सरकवून बघायचं, कोपर आणि गुडघा तर आहेच, पण डोक्याची कातडी, कानामागं, बेंबीत, ढुंगणाच्या फटीत. शेवटची जागा बघायला आपणच लाजतो. बाईमाणूस असेल तर सोबत सिस्टर ठेवा, पदर बाजूला करून मानेवर केसांच्या रेषेला बघा. अजून एक लोचा म्हणजे मेडिकलवरून आणलेली स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब. ती महिनोनमहिने चोळून डाग अर्धा पुसलेला असतो, कडा हरवलेल्या असतात, तिथं घाई करू नका, ट्यूब बंद करून दोन-तीन आठवड्यांनी परत बघा.

नखं तर सोन्याची खाण आहेत. शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे बारीक खड्डे, नखाखाली गोडेतेलाचा थेंब पडल्यासारखा पिवळट-तांबूस डाग, नख टोकाकडून सुटून उचललेलं, खाली पांढरा भुसा साठलेला. सांधे धरलेल्यांमध्ये बहुतेकांची नखं बिघडलेली असतात. बुरशीनंही नख असंच जाड होतं, शेतात चिखलात काम करणाऱ्याच्या पायाच्या नखावर विसंबू नका, हाताची नखं बघा, खड्डे मोजा, शंका आली तर नखाचा भुसा केओएचला, म्हणजे बुरशीच्या तपासणीला पाठवा. उजेडात तिरकं धरून बघितलं तर खड्डे दिसतात, ट्यूबलाइटखाली सुटतात, मी खिडकीजवळ नेतो.

वेळ नसेल तर पाच प्रश्न पाठ करून ठेवा, पेस्ट नावाची प्रश्नावली आहे तिचेच: कधी सांधा सुजला होता का, डॉक्टरनं कधी संधिवात आहे म्हणून सांगितलं का, नखांना खड्डे आहेत का, टाच दुखली का, आणि हाताचं-पायाचं एखादं बोट काही कारण नसताना पूर्ण सुजून दुखलं का. तीन किंवा जास्त हो आले की पुढचा तपास करायचा. कंपाउंडरलाही शिकवता येतं हे, आमचा विचारतो.

बोट सुजणं म्हणजे नुसता सांधा नाही, अख्खं बोट, वसमतच्या बाजारात हळकुंड दिसतं ना तसं जाड आणि सरळ. हे दिसलं की आरए, म्हणजे रूमॅटॉइड संधिवात, डोक्यातून बाजूला ठेवा. दुसरी खूण म्हणजे स्नायूची दोरी हाडाला चिकटते तिथलं दुखणं: टाचेच्या मागं, तळव्याला, कोपराच्या बाहेरच्या टोकाला, गुडघ्याच्या आतल्या बाजूला. अंगठ्यानं नख पांढरं होईस्तोवर दाबा, दोन्ही बाजूला. तिसरं म्हणजे बोटांच्या अगदी टोकाचा, नखाजवळचा सांधा. आरए हा सांधा सोडून देतो, सोरायसिस तोच धरतो. पन्नाशीच्या बाईच्या त्याच सांध्यावर कडक हाडाची गाठ असेल तर ते झिजेचं दुखणं, हे मऊ आणि गरम सुजतं आणि शेजारचं नखही खराब असतं. चौथं, कंबर. चाळिशीच्या आत हळूहळू सुरू झालेली, पहाटे झोपेतून उठवणारी, सकाळी अर्ध्या तासाच्या वर आखडलेली, आणि काम केलं की मोकळी होणारी. "बसलं की दुखतंय, रानात गेलं की बरं वाटतंय" असं पोरगं म्हणलं की ती गादी सरकलेली कंबर नाही.

१९७३ मध्ये मॉल आणि राइट या दोन डॉक्टरांनी या आजाराचे पाच नमुने सांगितले: दोन-चार सांधे वेडेवाकडे धरणारा, आरएसारखा दोन्हीकडं सारखा, फक्त बोटांच्या टोकाचा, मणक्याचा, आणि बोटं आखूड करून टाकणारा भयंकर प्रकार. परीक्षेला ठीक आहे, पण पेशंट एका नमुन्यातून दुसऱ्यात जातो, म्हणून फार चिकटून बसू नका. २००६ पासून हा आजार ठरवायला कॅस्पर नावाचे निकष वापरतात. आधी सूज असलेला सांधा, मणका किंवा दोरीची जागा हवीच, मग ३ गुण गोळा करायचे. आत्ता अंगावर सोरायसिस असेल तर २, पूर्वी होता किंवा जवळच्या नात्यात आहे तर १, नखं बिघडलेली १, बोट अख्खं सुजलेलं आत्ता किंवा पूर्वी १, आरए फॅक्टर ही रक्ताची तपासणी निगेटिव्ह १, आणि हाता-पायाच्या एक्स-रेत सांध्याजवळ नवीन हाड तयार होत असेल तर १. वरच्या शेतकऱ्याचे तिथल्या तिथं ४ झाले, डोकं, नखं, बोट, एक रुपयाचीही तपासणी न करता.

आता तपासण्या, इथं आपल्याकडं सगळ्यात जास्त घोळ होतो. लॅबवाल्याचं "आर्थ्रायटिस प्रोफाइल" येतं, त्यात आरए फॅक्टर निगेटिव्ह, मग पेशंटला सांगितलं जातं की तुला संधिवात नाही. अहो, या आजारात तो निगेटिव्ह असणं हाच गुण आहे. थोड्या लोकांत कमी प्रमाणात पॉझिटिव्हही येतो, तेवढ्यावरून आरएचा शिक्का मारू नका. ईएसआर-सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या जवळपास निम्म्या लोकांत नॉर्मल असतात, त्यामुळं सुजलेलं बोट डोळ्याला दिसतंय आणि कागद नॉर्मल म्हणतोय तर बोटावर विश्वास ठेवा. युरिक अ‍ॅसिड सोरायसिसमध्ये तसंही थोडं वाढतं, ७.५ बघून गाउट, म्हणजे युरिकचे स्फटिक साठून होणारा संधिवात, ठरवून त्याच्या गोळीवर, म्हणजे अ‍ॅलोप्युरिनॉलवर दोन वर्षं काढलेले लोक मी बघितलेत. सांध्यात पाणी असेल तर काढून स्फटिक बघायला पाठवा, तेवढं एक उत्तर स्पष्ट देतं. एचएलए बी२७ ही जनुकाची तपासणी सगळ्यांना सांगू नका, कंबरेचा संशय असेल तरच, आणि तो निगेटिव्ह आला म्हणून आजार नाही असं होत नाही.

एक्स-रे दोन्ही हात, दोन्ही पाय आणि कंबरेखालचा पेल्विसचा. सुरुवातीला काहीच दिसत नाही, नंतर एकाच सांध्याजवळ हाड खाल्लेलंही दिसतं आणि शेजारी कापसासारखं नवीन हाड उगवलेलंही, हे आरएत होत नाही. पेन्सिलीचं टोक कपात घातल्यासारखं चित्र दिसलं म्हणजे आपण सगळ्यांनी मिळून फार उशीर केला. कंबरेसाठी एक्स-रे साफ असेल आणि लक्षणं पक्की असतील तर सॅक्रोइलियाक सांध्याचा एमआरआय, स्टर सिक्वेन्स (हाडातली सूज दाखवणारी पद्धत) सकट असं स्पष्ट लिहा, नाहीतर अख्ख्या कण्याचा काढून येतात आणि डिस्क बल्जचा रिपोर्ट घेऊन बसतात.

आपल्या भागात काय काय यासारखं दिसतं ते ध्यानात ठेवा. २००६ च्या साथीपासून चिकनगुन्या आपल्या ओळखीचा आहे, तापानंतर महिनोनमहिने सांधे धरतो, आणि अंगात सोरायसिस असेल तर तोही उफाळलेला दिसतो, म्हणून ताप आधी की खपल्या आधी हे विचारा. एकच सांधा, वजन उतरतंय, संध्याकाळी ताप, तर आधी टीबी. डाग आहे पण खपली नाही आणि तिथं कापूस लावलेला कळत नाही तर कुष्ठरोग, त्याच्या रिअ‍ॅक्शनमध्येही सांधे सुजतात, नसा चाचपून बघा. आणि अचानक अंगभर जोराचा सोरायसिस आणि सांधे असं तरुण माणसात आलं तर समजावून एचआयव्ही करून घ्या.

उपचाराकडं येतो, आणि पहिली गोष्ट काय द्यायचं नाही ती. तोंडावाटे प्रेडनिसोलोन आणि ढुंगणावर डेक्साचं इंजेक्शन, म्हणजे स्टिरॉइड. तिसऱ्या दिवशी पेशंट पळायला लागतो, गावात तुमचं नाव होतं, आणि सोडलं की कातडी पेटते, कधी पू भरलेल्या पुळ्या, कधी अंगभर लाल होऊन साल निघते, मग ते आयसीयूचं काम असतं. वाताच्या पुड्या मिळतात ना जत्रेत नाहीतर कुणाच्या ओळखीनं, त्यातही बरेचदा स्टिरॉइडच निघतं. चेहरा गोल, पोटावर जांभळे पट्टे दिसले की पुडी विचारा, रागावू नका, रागावलं की लपवतात. पण पुडी वर्षभर खाल्ली असेल तर एकदम तोडायलाही सांगू नका, शरीराची स्वतःची यंत्रणा झोपलेली असते, मोजून स्टिरॉइड देऊन हळूहळू उतरवावं लागतं. एखादा गुडघा फार सुजला असेल तर सांध्यात ट्रायम्सिनोलोन हे स्टिरॉइडचं इंजेक्शन चालतं, जंतुसंसर्ग नाही याची खात्री करून, आणि सुई खपलीच्या डागातून घालायची नाही.

दोन-चारच सांधे, नखं ठीक, एक्स-रे ठीक, तर नॅप्रोक्सेन किंवा एटोरिकॉक्सिब द्या, पण एकट्या वेदनाशामकावर चार आठवड्यांच्या पुढं रेटू नका. बीपी आणि क्रिएटिनिन आधी बघा, मे महिन्यात दिवसभर उन्हात पाण्याविना राबणाऱ्याच्या किडनीला ही गोळी जड जाते. टाचेसारख्या दोऱ्यांच्या दुखण्याला आणि कंबरेला मात्र पहिली गोळी हीच, व्यायामासोबत.

जास्त सांधे, अख्खं बोट सुजलेलं, नखं बिघडलेली, सीआरपी वाढलेला, हाड खाल्लेलं, यातलं काही असलं की मेथोट्रेक्सेटला, म्हणजे आजारच रोखणाऱ्या गोळीला, उशीर नको. सहा महिन्यांच्या उशिरानंसुद्धा सांध्याचं कायमचं नुकसान वाढतं हे दिसून आलंय. आधी सीबीसी, लिव्हर, क्रिएटिनिन, हिपॅटायटिस बी आणि सी, छातीचा एक्स-रे. आठवड्यातून एकदा १० ते १५ मिलिग्रॅमनं सुरू, दोन-चार आठवड्यांनी वाढवत २० ते २५ पर्यंत, १५ च्या वर मळमळत असेल तर कातडीखालच्या इंजेक्शननं द्या. फॉलिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम, मेथोट्रेक्सेटचा वार सोडून वेगळ्या वारी. पहिले तीन महिने दोन ते चार आठवड्यांनी रक्त, मग दोन-तीन महिन्यांनी. बाळ हवं असेल तर किमान ३ महिने आधी बंद, आणि हे नवीन लग्न झालेल्या पोरीला सासूसमोर नाही, एकटीला बसवून सांगायचं. दारू बंद, देशी असो की इंग्लिश. फॅटी लिव्हर या पेशंटमध्ये फार असतं, साखर आणि वजनही, म्हणून पोट मोजा, एचबीए१सी करा, वजन उतरलं तर औषधंही जास्त लागू पडतात. सेप्ट्रान (को-ट्रायमॉक्साझोल) मेथोट्रेक्सेटसोबत कधीच नाही.

मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्याला एकदाच. रोज घेतली तर तोंड सोलतं, पेशी पडतात आणि माणूस मरतो, आणि हे ऐकीव नाही, होतं. एकाच ताकदीची गोळी लिहा, २.५ आणि ७.५ मिसळू नका, चिठ्ठीवर वार मोठ्या अक्षरात लिहा, घरातल्या शिकलेल्या पोराकडून परत वदवून घ्या. तोंड आलं तर गोळी बंद करून त्याच दिवशी या, हे आधीच सांगा. सीबीसी खाली असेल तर फोलिनिक अ‍ॅसिड लागतं, ते मोठ्या दवाखान्यात.

असर दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, तोपर्यंत पेशंट तीन डॉक्टर बदलतो, म्हणून पहिल्याच दिवशी सोयाबीनची उपमा देतो, पेरलं की लगेच रास होत नाही. मेथोट्रेक्सेट चालत नसेल तर लेफ्लुनोमाइड किंवा सल्फासॅलाझिन, कातडीला सल्फासॅलाझिनचा फार उपयोग नाही. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आरएच्या सवयीनं लिहू नका, इथं फायदा फार कमी आणि सोरायसिस भडकू शकतो. अ‍ॅप्रेमिलास्ट मला आपल्याकडं बरी वाटते, जेनेरिक मिळते, सारखं रक्त तपासावं लागत नाही, १० मिलिग्रॅमपासून पाच दिवस वाढवत सहाव्या दिवसापासून ३० सकाळ-संध्याकाळ. पहिले दोन आठवडे जुलाब होतात, वजन उतरतं, मन उदास होतंय का ते विचारत जा. ताकद मात्र मध्यम, हाड खाणारा आजार तिच्यावर सोडू नका.

कंबरेच्या आजारात मेथोट्रेक्सेट कामच करत नाही, तिथं वेदनाशामकांनी भागलं नाही की सरळ बायोलॉजिक, म्हणजे आजाराची यंत्रणा नेमकी रोखणारी इंजेक्शनं. बाकीच्यांत तीन महिने पूर्ण डोस देऊन जमलं नाही तर. हा निर्णय स्पेशालिस्टचा, पण तयारी आपण करून पाठवली तर पेशंटच्या दोन फेऱ्या वाचतात: छातीचा एक्स-रे, मॅंटू किंवा इग्रा (दोन्ही टीबीच्या तपासण्या), हिपॅटायटिस, एचआयव्ही. लपलेला टीबी निघाला तर त्याच्या प्रतिबंधक गोळ्या सुरू करून साधारण एक महिना थांबतात, मग बायोलॉजिक. टीबीच्या गोळ्यांतलं रिफाम्पिसिन किंवा रिफापेंटिन चालू असताना अ‍ॅप्रेमिलास्ट आणि टोफासिटिनिबचा असर उतरतो, हे चिठ्ठीत लिहायला विसरतात लोक. टोफासिटिनिबची जेनेरिक गोळी स्वस्तात मिळते म्हणून कुणीही लिहायला लागलंय, तिलाही टीबी बघावाच लागतो, नागीण उठते, आणि पासष्टीच्या पुढं, बिडी ओढणारा, हार्टचा पेशंट असेल तर टाळलेली बरी. कोणाला कोणतं इंजेक्शन, तर ढोबळ असं: डोळा लाल होणारा असेल तर अ‍ॅडॅलिमुमॅबसारखं, इटानरसेप्ट नको. आतड्याची कोलायटिस असेल तर सेक्युकिनुमॅब नको, इटानरसेप्टही नको. कातडी फार असेल तर सेक्युकिनुमॅब किंवा गुसेल्कुमॅबसारखं. ही इंजेक्शनं २ ते ८ डिग्रीत ठेवायची असतात, मे महिन्यात ४२ च्या उन्हात एसटीतून नुसत्या पिशवीत आणू नका, बर्फाचा डबा लागतो, आणि लाइट गेली की फ्रिज उघडू नका. डोळा लाल झाला, दुखतोय, उजेड सहन होत नाही, तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडं, डोळे आले म्हणून ड्रॉप देऊन घरी पाठवू नका.

मोजमाप. आरएचा २८ सांध्यांचा हिशोब इथं लावू नका, त्यात पाय आणि बोटांची टोकं नाहीतच. बूट काढून मोजा. लक्ष्य असं धरा: दुखणारा सांधा जास्तीत जास्त एक, सुजलेला एक, दाबून दुखणारी दोरी एक, कातडी ३ टक्क्यांच्या आत, दुखणं शंभरात १५ पर्यंत, एकूण त्रास २० पर्यंत, आणि रोजची कामं जवळपास नीट, म्हणजे हॅक या प्रश्नावलीचा गुण ०.५ पर्यंत. सातातले पाच जमले की आजार ताब्यात. २०१५ च्या टिकोपा अभ्यासात दर चार आठवड्यांनी बघून औषध वाढवलेले लोक नेहमीच्या पद्धतीपेक्षा बरे राहिले, आपल्याला दर महिन्याला जमतंय का, तर बऱ्याच जणांचं जमतं, दिवाळीपर्यंत.

कारण दिवाळीनंतर बीडकडची माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, ते गुढीपाडव्याच्या आसपास परत. म्हणून जायच्या आधी रक्त करून घ्या, एका महिन्याच्याच गोळ्या द्या, तिथल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात सीबीसी-लिव्हर करून फोटो पाठवायला सांगा, फोटो आला की पुढच्या गोळ्या. मी आधी "बाजाराच्या दिवशी गोळी" असं सांगायचो, लक्षात राहायला सोपं. एका जोडप्याच्या गावचा बाजार गुरुवारी, म्हणून गुरुवारी बाईनं गोळी खाल्ली आणि दोघं ट्रकमध्ये बसले. फडावर पोचले तर तिथला बाजार सोमवारी, बाईनं सोमवारी परत घेतली आणि गुरुवारी गावच्या बाजाराचीही. तोंड आलं म्हणून फोन केला, जवळच्या दवाखान्यात रक्त केलं, पेशी थोडक्यात वाचल्या. आता बाजाराच्या दिवसाची खूण सांगणं बंद, तिच्या चिठ्ठीवर गुरुवार लिहिलाय आणि नवऱ्याच्या मोबाइलमध्ये मी स्वतः गजर लावून दिलाय, सकाळी नाही, रात्री जेवणानंतरचा, कारण सकाळी चारला ते फडात असतात.